रामगोंडाचं एकुलतं एक खोटं

रामगोंडा मगदूम खोटं बोलत नसे, आणि याचा त्याच्यापेक्षा गावालाच जास्त त्रास होई. वारणाकाठच्या त्या गावात बांधावरून दोन भावांची जुंपली की दोघांचेही वकील आधी विचारायचे, मगदूम साक्षीला आहे का? आहे म्हटलं की दोन्ही भाऊ मुकाट तडजोडीला बसायचे. हा माणूस घडलं तेवढंच सांगेल, ही भीती दोघांना सारखीच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला की बाकीचे शेतकरी पोत्याच्या तोंडाशी निवडक हळकुंडं मांडून ठेवायचे. हा आडत्याला बाजूला घेऊन सांगायचा, "मधल्या तीन पोत्यांत जरा कीड हाय बरं का." अशा माणसाशी घासाघीस कशी करायची ते आडत्याला कळायचं नाही. मुलाचं, भरतेशचं, लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी सहज विचारलं, "मुलगा कसा आहे?" रामगोंडा म्हणाला, "आळशी हाय. पर मनानं वाईट न्हाई." तरीही लग्न झालं. सून स्वप्नाली पुढे हसून सांगायची, लग्नाआधी सासरकडून कानावर आलेलं तेवढं एकच खरं निघालं.

घर जैनांचं. बटाटा, कांदा, लसूण, जमिनीखालचं काही म्हणून स्वयंपाकघरात यायचं नाही. आणि सगळ्या घराचं पोट चालायचं ते जमिनीखाली वाढणाऱ्या हळदीवर. यात काही विसंगती आहे असं गावातल्या टवाळांखेरीज कुणाला वाटत नसे. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. रामगोंडा कधीमधी यार्डातून उशिरा आला तर हात धुऊन गुपचूप दोन घास खायचा. त्याची बायको राजमती मात्र अंधार पडल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायची नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही.

राजमतीचा नवऱ्याच्या शब्दावर असा विश्वास, की तो "आज पाऊस न्हाई" म्हणाला की ती आभाळाकडं न बघता पापड वाळत घालायची. दोनतीनदा पापडांचा लगदा झाला. पण तो पावसाचा खोटेपणा, नवऱ्याचा नव्हे, असा तिचा निकाल असे.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर राजमतीच्या छातीत गाठ आली. मिरजेच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांना खोलीत बोलावलं. राजमती वॉर्डात पडून होती. आत गेले तिघे, रामगोंडा, भरतेश आणि राजमतीचा थोरला भाऊ आप्पासाहेब.

आप्पासाहेब माधवनगरच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मिल बंद पडली, पण आप्पासाहेब तीन पाळ्यांत चालूच राहिले. माल एकच, सल्ला. पेपरातली औषधांची कात्रणं, रेडिओवर ऐकलेलं, एसटीत शेजारच्यानं सांगितलेलं, सगळं त्यांच्या डोक्यात एकाच कपाटात ठेवलेलं असायचं, आणि बाहेर निघताना सगळ्याला सारखीच इस्त्री केलेली असायची.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. पण वेळेवर आलात. आता रेडिएशनचा शेक द्यायचा आणि पाच वर्षं गोळ्या. बाईंना सांगून टाकू. पुढं लक्ष त्यांनाच ठेवायचंय."

"छे, छे, साहेब!" आप्पासाहेब उभेच राहिले. "आमच्या मिलमध्ये वाइंडिंगला लालासाहेब म्हणून होता. पैलवान गडी. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, कॅन्सर हाय. आठव्या दिवशी गेला. कॅन्सरनं न्हवं, शब्दानं गेला!"

बाहेर साठेक माणसं ताटकळत होती. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडं, एकदा रामगोंडाकडं पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

रामगोंडानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढं तो पैलवान लालासाहेब एका शब्दाचा मार खाऊन आडवा होत होता.

"दाजी, तुमीच सांगायचं तिला," बाहेर आल्यावर आप्पासाहेबांनी फर्मान काढलं. "साधी गाठ हुती म्हणून सांगा. तुमच्यावर तिचा विश्वास हाय."

आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला रामगोंडा पंचावन्नाव्या वर्षी उभा राहिला, आणि त्यानं त्याची तयारी केली ती शाळेत कविता पाठ करणाऱ्या पोरासारखी. व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. ती काय विचारेल, त्यावर आपण काय सांगायचं, अशी दहा उत्तरं घोकली. मग आत जाऊन एका दमात म्हणून टाकलं, "साधी गाठ हुती. काढली. आता जखम सुकायला लाईटचा शेक द्यायचा, आन ताकदीच्या गोळ्या घ्यायच्या. सकाळी एक, रात्री एक."

राजमती म्हणाली, "बरं."

दहाच्या दहा उत्तरं तशीच शिल्लक राहिली. रामगोंडाला इतकं हलकं वाटलं की त्यानं बाहेर येऊन दोन कप चहा प्यायला. बायकोनं एकही प्रश्न का विचारला नाही, हा प्रश्न त्यालाही पडला नाही.

पुढं पाच आठवडे रोज एसटीनं मिरजेला जाऊन शेक घ्यायचा होता. दवाखान्यातल्या पाट्या इंग्रजीत होत्या, त्यामुळं त्या गप्प बसल्या. पण बाकावरच्या बाया गप्प बसेनात. जतची, तासगावची, कुठली कुठली बाई पदराआड खोबऱ्याचा तुकडा चघळत मोकळेपणानं बोलायची. कुणाला कुठं गाठ झाली, केस गेले ते परत कसे आले, हात वर जात नाही तर भिंतीवर बोटं कशी चढवायची. पहिल्याच दिवशी एक बाई राजमतीकडं सरकून म्हणाली, "अक्का, तुमचा किती नंबरचा?" दुखणं कितव्या टप्प्यावर आहे, ते ती विचारत होती. रामगोंडानं राजमतीला हाताला धरून उठवलं आणि कोपऱ्यात नेऊन बसवलं.

"त्यांच्याजवळ बसू नगंस. त्यांचं दुखणं लागट हाय, आपल्याला बी लागंल."

पहिलं खोटं बोलायला माणसाला व्हरांड्यात चार फेऱ्या माराव्या लागतात. दुसरं जागच्या जागी जमतं. पाच आठवडे राजमती नाकाला पदर लावून कोपऱ्यात बसली. तिकडं बायांची हसाहशी चालायची, कुणी डबा उघडून चटणी वाटायची. ही लांबून बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, "एवढं लागट दुखणं, आन हसत्यात कशा बाया!"

हे सगळं एकजण बघत होती. आम्रपाली कांबळे, तिथली सिस्टर, मूळची आटपाडीकडची. बारीक, चटपटीत. बोलणं तिकडच्या उन्हासारखं, आडोसा म्हणून नाही. तिनं एक दिवस रामगोंडाला गाठलं.

"अण्णा, अक्काला सांगितलं न्हाईसा वाटतं."

"न्हाई... म्हणजे ती खचंल म्हणून."

"आवं, खचलेली माणसं मी रोज बघती. कळल्यामुळं खचलेली थोडी, न कळल्यामुळं खचलेली लय. दर म्हैन्याच्या पहिल्या शनिवारी ह्या बाया इथं जमतात. गोळ्या कशाच्या, गाठ कशी चाचपायची, डॉक्टरला काय विचारायचं, सगळं एकमेकीला सांगतात. अक्काला घेऊन या."

रामगोंडानं मान हलवली. घरी आप्पासाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "सिस्टरचं काम सुई टोचायचं. सल्ला कुणाचा घ्यावा एवढं तरी कळाय पायजे, दाजी." आणि रविवारी शेकाला सुट्टी होती, तेव्हा दाजींना घेऊन ते साताऱ्याला निघाले, आणि तिथून मेढ्याला. मेढ्याच्या डोंगरात कोणी एक बाबा होते. त्यांचा पत्ता आप्पासाहेबांना एसटीत मिळाला होता. बाबांनी दुखणं काय, कुठं, कुणाला, यातलं काहीएक विचारलं नाही. समोर मुतखडा, आकडी आणि मूल होत नाही अशी तीन माणसं बसली होती. रामगोंडासकट चौघांनाही बाबांनी एकाच टोपलीतली मुळी दिली. मधात उगाळून घ्यायची.

राजमतीनं पुडी उघडून पाहिली, वास घेतला आणि परत बांधली.

"जमिनीतनं उपटल्याली मुळी, आन वर मध? मला न्हाई चालत."

"हळद तरी काय, मुळीच की," रामगोंडा म्हणाला.

"हळद शिजवून, वाळवून येती. तिच्यात जीव न्हाई. आन साधी गाठ हुती ती गेली. आता आनिक औषिद कशापायी?"

राजमतीच्या धर्मानं तिला मेढ्याच्या मुळीतून वाचवलं. आप्पासाहेब आठ दिवस बोलले नाहीत. घराला तेवढीच विश्रांती.

मग सगळं निवांत झालं. जखम भरली. राजमती पुन्हा हळद शिजवायच्या कायलीपाशी उभी राहू लागली. दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचं, ते रामगोंडा "बीपी बघायला जाऊ" म्हणून न्यायचा. तीनदा नेलं. चौथ्या वेळी हळदीची काढणी, घरात सून बाळंतीण. राजमती म्हणाली, "माझं बीपी चांगलं हाय म्हणतोय की डॉक्टर. कशाला एक दिवस मोडायचा?" खरं कारण सांगता येईना आणि खोटं पुरेना. ती वेळ गेली. पुढचीही गेली. ती चालती-फिरती होती, खात-पीत होती. रामगोंडाला मनातून वाटू लागलं, खोटं बोलण्यात आपल्याला फुकटच भीती वाटत होती.

शहाण्णवच्या भाद्रपदात राजमतीचा हात सुजला. बांगडी पुढं सरकेना. मिरजेला गेले. रामगोंडा जुना केसपेपर काढायला खिडकीशी गेला, आणि परत आला तेव्हा पडद्याआड आम्रपाली सिस्टर राजमतीला विचारत होती, "अक्का, गोळ्या दोन्ही टायमाला घेता न्हवं?"

"सकाळची घेती. रातीची म्हशीला घालती."

रामगोंडा जागच्या जागी थांबला.

"म्हशीला?"

"डॉक्टरनं रातीची सांगितल्याली. अंधार पडल्यावर आमी पाणी बी घेत न्हाई, सिस्टर. आन गोळी ताकदीची. म्हस येल्याली, लय खंगली हुती. पेंडीत घालून देती रोज. वाया न्हाई घालवली बगा एक बी." राजमतीच्या आवाजात काटकसरी बाईचा रास्त अभिमान होता. "आता म्हशीचं दूध कमी झालंय, ते येगळं."

"आन काखेत हे काय?"

"ते व्हय? उन्हाळ्यात उष्णतेची गाठ आली. लेप लावती हळद-चुन्याचा. सा म्हैनं झालं, बसंना झालीय."

पडदा सरकला. आम्रपालीनं रामगोंडाला पाहिलं, आणि काही न बोलता व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं.

"तुमी शाणी माणसं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "त्या बाईला नुसतं एवढं कळलं असतं की गोळी कशाची, तर तिनं ती दिवस मावळायच्या आधी घेतली असती. एवढंच करायचं हुतं. काखेत गाठ लागल्याबरोबर पळत आली असती. लिवाय-वाचाय न येणारी बाई पण सांगितलं की पळत येती. तुमी म्हशीला कॅन्सरच्या गोळ्या चारल्यात दीड वर्ष!"

डॉक्टरांनी तपासलं. छातीचा फोटो, सोनोग्राफी लिहून दिली आणि सोमवारी रिपोर्ट घेऊन बोलावलं. रामगोंडानं चाचरत विचारलं, "गोळ्यांमुळं झालं का?"

"एका वेळच्या गोळीनं किती फरक पडला असता, ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिने आधी आला असतात, तर नक्की पडला असता."

दारात आम्रपालीनं बजावलं, "अण्णा, सोमवारपर्यंत तुमी सांगा. न्हाईतर सोमवारी त्यांनी मला इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई."

ते दिवस पर्युषण पर्वाचे. बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, रोज अभिषेक, पूजा, शास्त्रवाचन. राजमती एक वेळ जेवत होती. रामगोंडा रोज ठरवायचा, आज सांगू. एकदा हळदीच्या रानात तिच्याजवळ गेला, घसा साफ केला, आणि हळदीच्या पानावर पडलेल्या करप्याविषयी पाव तास बोलून परत आला. एकदा ती ताक घुसळत असताना म्हणाला, "अगं, ती गाठ..." ती म्हणाली, "दोराची? सुटंना झालीय व्हय? आणा हिकडं." त्यानं खरोखरच दावं शोधून आणलं.

शेवटी तो माधवनगरला गेला. धीर मागायला नव्हे, एक चौकशी करायला.

"आप्पासाहेब, त्यो लालासाहेब. त्याला दुखणं किती दिस हुतं?"

"असंल की दीड वर्ष."

"आन डॉक्टरकडं कवा नेला?"

"शेवटच्या आठवड्यात. तवर गाडीत बसवायच्या बी लायकीचा न्हवता ऱ्हायला गडी." आप्पासाहेब कात्रणं चाळत होते. "दाजी, हे बगा, गव्हांकुराचा रस..."

"तुमी बगितला हुता का त्याला?"

"मी कुठनं बगणार? माझी पाळी येगळी. दुसऱ्या पाळीच्या कोंडीबानं सांगितलं."

ज्या शब्दानं पैलवान मेला म्हणून रामगोंडानं बायकोशी दीड वर्ष खोटं चालवलं, तो शब्द पैलवानाच्या मरणाला लांबूनही शिवला नव्हता. आप्पासाहेबांवर चिडावं तर तेही जमेना. बिचारे खोटं बोलले नव्हते. त्यांनी नुसतं ऐकलेलं पुढं सांगितलं होतं.

रविवारी क्षमावाणी होती. पर्व संपलं की वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्यांची हात जोडून क्षमा मागायची. गावातले सगळे जैन एकमेकांच्या दारी जातात. 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं, की झालं. वर्षाची पाटी कोरी. बहुतेक लोक हे इतक्या भराभर उरकतात की कुणी कुणाला कशाची क्षमा केली, हे दोघांनाही ठाऊक नसतं. राजमती सकाळपासून ओसरीवर बसून येईल त्याला हात जोडत होती. बाळासोही येऊन गेला. दरवर्षी नांगरटीला दोन बोटं बांध कोरणारा हा शेजारी जैन नव्हता, पण फुकट माफी मिळते म्हणून न चुकता यायचा. राजमतीनं त्यालाही हसून क्षमा केली.

गर्दी ओसरल्यावर रामगोंडा तिच्यासमोर पाटावर बसला. हात जोडले. आणि या खेपेला करप्याकडं न वळता सगळं सांगितलं. गाठ कसली होती, गोळ्या कशाच्या होत्या, बीपी म्हणून कुठं नेलं, बाकावरच्या बायांचं दुखणं लागट का ठरवलं. खरं बोलायची त्याची जुनी सवय परत आली तशी पुराच्या पाण्यासारखीच आली. कुणी काय म्हटलं, व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या, तेही त्यानं गाळलं नाही.

राजमतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बायांस्नी पण हेच हुतं?"

"व्हय."

"मी नाकाला पदर लावून बसली. पाच आठवडे. त्यास्नी काय वाटलं असंल?"

रामगोंडाचे हात जोडलेलेच होते.

"माझ्या दादानं सांगितलं असतं साधी गाठ म्हणून, तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती. भरतेशनं सांगितलं असतं तरी केली असती. तुमी सांगितलं. म्हणून न्हाई केली."

"राजी, माजं चुकलं. उत्तम क्षमा."

या शब्दाला उलट काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, आणि ते म्हणायला विचार करावा लागत नाही. राजमती विचार करत बसली. ओसरीवर कुणीतरी नवीन आलं, तिकडं तिनं हात जोडले, बोलली, त्यांना वाटी भरून चुरमुरे दिले. ते गेल्यावर ती उठली.

"बाळासोला केली क्षमा. तुमचं ऱ्हाऊ द्या."

सोमवारी मिरजेला दोघं एसटीत शेजारी बसून गेले. दवाखान्यात नंबर पुकारला तसा रामगोंडा सवयीनं पुढं झाला. राजमतीनं रिपोर्टांची पिशवी त्याच्या हातातून घेतली. "तुमी हितंच बसा." आम्रपालीनं दार धरलं, ती आत गेली, दार लागलं.

रामगोंडा बाकावर बसला. आतून राजमतीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पण सूर वर जात होता, थांबत होता, पुन्हा वर जात होता. ती प्रश्न विचारत होती. एकामागून एक.

शेजारी घोंगडं खांद्यावर टाकलेला एक माणूस टेकला. आटपाडीकडचा बिराप्पा म्हणून मेंढपाळ, बायकोला घेऊन आला होता. बायको समोरच्या खिडकीशी उभी होती.

"पावनं," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या मंडळीला घशाचं निगालंय. सांगू नगा म्हणत्यात समदी. तुमी काय केलंसा?"

आजवर कुणी काही विचारलं की रामगोंडाला खरं सांगायला कधी आढेवेढे घ्यावे लागले नव्हते. तसंच त्यानं सांगितलं. "सांगा. आजच सांगा. मी न्हाई सांगितलं, त्याचं वाटोळं झालं."

बिराप्पानं त्याच्याकडं नीट पाहिलं. ह्या माणसाचं डोकं दुःखानं फिरलेलं दिसतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"पर गड्या, कळलं की माणूस खचतंय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"समदीच म्हणत्यात की," बिराप्पा म्हणाला, आणि घोंगडं सावरत उठून पलीकडच्या बाकावर, जरा बऱ्या दिसणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसला.

अर्ध्या तासानं राजमती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"माझं दुखणं हाय," ती म्हणाली. "मला म्हणाले."

त्यानंतर ती चौदा महिने जगली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकटी एसटीनं मिरजेला जायची, जाताना घरची चटणी न्यायची. रामगोंडाशी बोलायची, त्याला वाढायची, हळदीचा भाव विचारायची. पण तिला किती वेळ आहे, कुठलं औषध ती घेणार, कुठलं नाही म्हणाली, हे आम्रपालीला ठाऊक होतं, तासगावच्या एका बाईला ठाऊक होतं, शेवटी शेवटी स्वप्नालीलाही ठाऊक होतं. रामगोंडानं दोनदा विचारून पाहिलं. नंतर विचारलं नाही.